बॉल चावून जबडा चौकोनी होत नाही. आधी मुलीचं नाक दाखवा

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे. चार महिन्यांपूर्वी त्यानं ऑनलाइन एक सिलिकॉनचा बॉल मागवला. तो दाढांमध्ये धरून रोज तासभर चावत बसतो, वर दिवसभर च्युइंगगम असतंच. जबडा चौकोनी करायचाय म्हणतो. आता जांभई देताना कानापाशी कट् असा आवाज येतो आणि सकाळी उठला की कानशिलं दुखतात. त्याचे आजोबा म्हणतात, असली खेळणी कशाला, माझ्यासारखी सुपारी चघळ. त्यांचा जबडा खरंच रुंद आहे. धाकटी मुलगी ९ वर्षांची. तिचा चेहरा लांबट, तोंड कायम अर्धवट उघडं, झोपेत घोरते. मऊभात आणि वरण सोडून काही खात नाही. सासूबाई म्हणतात, चणे-आठळ्या खाल्ल्या नाहीत म्हणून तिचा जबडा असा झाला. चावण्यानं चेहरा बदलतो का? दोघांचं काय करू?
– एक आई, गुहागर तालुका

ताई, तुमच्या पत्रात मुलाबद्दल जास्त आणि मुलीबद्दल शेवटी चार ओळी आहेत. आमच्या मते घाई मुलीसाठी करायला हवी. मुलानं बॉल बाजूला ठेवला की त्याचा बराचसा त्रास थांबेल. मुलीच्या चेहऱ्याची वाढ मात्र आत्ता चालू आहे, आणि ती वर्षं थांबून राहणार नाहीत.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर असं : चावण्यानं स्नायू कोणत्याही वयात बदलतो. हाड बदलतं ते वाढीच्या वयात, आणि तेही बेताचं. उलट चेहऱ्याच्या ठेवणीवरून चावण्याची ताकद किती असेल हे मात्र बऱ्यापैकी ठरतं. घरात सगळे जण बाण एकाच दिशेनं मारत आहेत, की चावलं म्हणजे जबडा घडतो. पुष्कळदा जबडा जसा घडलेला असतो तसं चावणं होतं.

हे समजायला स्वतःच्या गालावर बोटं ठेवून पाहा. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनाच्या जरा पुढे बोटं टेकवा आणि दात घट्ट आवळा. जो गोळा टणक होऊन वर येतो तो मॅसेटर. गालाच्या हाडाच्या कमानीपासून जबड्याच्या कोनापर्यंत तो जातो. तशीच बोटं कानशिलावर ठेवलीत तर तिथे टेम्पोरालिस फुगलेला लागेल. मुलाची सकाळची कानशिलं दुखतात ती याच स्नायूमुळे. जबडा मिटणारा तिसरा मोठा स्नायू आतल्या बाजूला असतो, तो हाताला लागत नाही. हे तिन्ही स्नायू कानापुढच्या सांध्याच्या आणि दातांच्या मध्ये ओढ देतात, त्यामुळे दात सांध्यापासून जितका लांब तितकी त्याच्यावर येणारी ताकद कमी. अडकित्त्यात सुपारी टोकाशी न धरता खिळीजवळ धरतात, त्यामागचा हिशोब हाच. समजा स्नायूंची ओढ सांध्यापासून ३ सेंटिमीटरवर आहे, दाढ ६ वर आणि पुढचे दात ९ वर. मग १०० किलोच्या ओढीतले दाढेवर ५० किलो पोचतात, पुढच्या दातांवर ३३. प्रत्यक्षात पुढच्या दातांवर याहूनही कमी पडतात, कारण त्यांच्या मुळांभोवतीच्या मज्जातंतूंना दाब लवकर कळतो आणि ते स्नायूंना आवर घालतात. चांगले दात असलेला मोठा माणूस पूर्ण जोर लावून दाढांवर साधारण ५० ते ७० किलोंचा दाब देऊ शकतो, पुढच्या दातांवर १० ते २० किलोंचा. माणसागणिक यात खूप फरक पडतो. रोजच्या जेवणात मात्र या ताकदीचा लहानसा भागच लागतो.

आता ठेवण. ज्यांच्या खालच्या जबड्याची उभी बाजू, म्हणजे कानापासून कोनापर्यंतचा भाग, उंच असते आणि खालची कड जवळजवळ आडवी असते, त्यांचा चेहरा आखूड आणि चौकोनी दिसतो. त्यांच्यात मॅसेटर जाड असतो, त्याला पकडही चांगली मिळते. पुढचे वरचे दात खालच्यांना बरेच झाकतात. याउलट उभी बाजू आखूड आणि खालची कड हनुवटीकडे झपकन उतरणारी असली, तर चेहरा लांब, गाल सपाट, स्नायू बारीक आणि ओढीचा कोन गैरसोयीचा. अशा काहींचे मागचे दात मिटले तरी पुढे फट राहते. अमेरिकेत प्रॉफिट, फील्ड्स आणि निक्सन या संशोधकांनी १९८३ मध्ये मोजणी केली, तेव्हा लांब चेहऱ्याच्या प्रौढांची चावण्याची ताकद साधारण ठेवणीच्या लोकांच्या जवळपास निम्मी भरली.

जबड्याच्या खालच्या कडेचा हा उतार घरी ढोबळ पाहता येतो. मुलीला बाजूनं उभी करा, मान सरळ. एक फूटपट्टी कानाच्या भोकापासून डोळ्याखालच्या हाडाच्या कडेपर्यंत धरा, दुसरी जबड्याच्या खालच्या कडेला लावा. दोन्ही रेषा मागे नेल्या तर कुठे भेटतील ते बघा. डोक्याच्या मागच्या कडेच्या आसपास भेटल्या तर ठेवण मध्यम. डोक्याच्या बऱ्याच मागे जाऊन भेटल्या तर आखूड चेहरा. कान आणि डोक्याची मागची कड यांच्यामध्येच भेटल्या तर जबडा जास्त उतरता आहे. एक्स-रेवर या दोन रेषांमधला कोन सरासरी २५ अंशांच्या आसपास असतो. ३० च्या वर गेला की लांब चेहऱ्याची ठेवण म्हणतात. घरची फूटपट्टी निदान करत नाही, पण डॉक्टरांकडे जाण्याची निकड कळायला ती पुरते.

सासूबाईंच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. प्रॉफिट आणि फील्ड्स यांनी त्याच वर्षी लहान मुलंही मोजली. लांब चेहऱ्याच्या आणि साधारण चेहऱ्याच्या मुलांची ताकद सारखीच निघाली. फरक पुढे पडतो : वयात येताना इतरांची ताकद वाढते, लांब चेहऱ्याच्यांची तितकी वाढत नाही. म्हणजे निदान त्या मोजणीप्रमाणे चेहरा आधी लांब झाला, अशक्तपणा मागून आला. सगळे अभ्यास याच्याशी जुळत नाहीत, तरी मऊभाताला एकट्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही एवढं नक्की.

दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायरॅक्स या आफ्रिकी प्राण्याच्या पिल्लांचे दोन गट वाढवले, एकाला शिजवलेलं मऊ अन्न, दुसऱ्याला कच्चं आणि सुकं. २००४ मध्ये त्यांनी मांडलं की मऊ अन्नावरच्या पिल्लांच्या चेहऱ्याचा खालचा-मागचा भाग सुमारे १० टक्के कमी वाढला. चंदीगडच्या आसपासच्या शहरी आणि खेड्यांतल्या तरुणांची तुलना १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत शहरी मुलांचे दात जास्त वेडेवाकडे आढळले. तेव्हा चावणं बिनमहत्त्वाचं नाही. फक्त त्यानं वाढीच्या वयात जबड्याला रुंदी मिळायला मदत होते. खाली उतरणाऱ्या हनुवटीची दिशा तेवढ्यानं वळेल अशी आशा धरू नये.

ती दिशा कशानं ठरते? आनुवंशिकता मोठी, ती आपल्या हातात नाही. हातात येण्यासारखी गोष्ट म्हणजे तोंडाची दिवसभराची बैठक. दात-हाडांवर जोरदार पण क्षणभराचा दाब फारसा परिणाम करत नाही. हलका पण तासन्‌तास राहणारा दाब करतो. दात हलायला दिवसाकाठी साधारण ६ तास सलग दाब लागतो असं मानलं जातं. जेवताना दात दातांना टेकतात तो सगळा वेळ मिळून वीसेक मिनिटंही होत नाहीत. ओठ मिटलेले की उघडे, जीभ टाळूला की खाली पडलेली, हे मात्र दिवसरात्र चालू असतं. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली येते, वरच्या जबड्याला आतून मिळणारा आधार सुटतो आणि गालांच्या दाबानं टाळू अरुंद, उंच होतो. दाढांना समोरची दाढ भेटत नाही म्हणून त्या हिरडीतून आणखी वर येतात. मागे दाढ एक मिलिमीटर जास्त आली तर पुढे दोन-तीन मिलिमीटरची फट पडते, आणि हनुवटी खाली आणि मागे जाते. म्हणूनच तुमच्या मुलीच्या बाबतीत आम्ही ताटाआधी नाकाकडे बोट दाखवतो आहोत.

नाकाची परीक्षा घरी करा. मुलीला सर्दी नसताना बसवा, घोटभर पाणी तोंडात धरायला सांगा, ओठ मिटलेले, आणि घड्याळ लावा. नाक मोकळं असलेलं मूल ३ मिनिटं सहज बसतं. मिनिटभरातच कासावीस होऊन ती पाणी गिळत असेल किंवा थुंकत असेल तर नाकात अडथळा आहे असं धरून चाला. मग रात्री पाहा : मान मागे टाकून झोपते का, घोरताना श्वास मध्येच थांबतो का, उशी लाळेनं ओली होते का, अंथरूण ओलं होतं का. जागेपणी ओठ मिटायला सांगितल्यावर हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उठतात का, तेही बघा. ओठ आपसूक मिटत नाहीत, जोर लावून मिटावे लागतात, याची ती खूण आहे.

यातलं काही दिसलं तर पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांची, तारा लावणाऱ्यांची नंतर. नाकामागच्या गाठी, ज्यांना अ‍ॅडेनॉइड म्हणतात, त्या ४ ते ७ या वयात सर्वांत मोठ्या असतात आणि पुढे आकसतात. त्यामुळे ‘मोठी झाली की जातील’ हे ऐकायला मिळेल, आणि ते खोटं नाही. पण गाठ आकसेपर्यंत चेहऱ्याच्या वाढीची मोलाची वर्षं निघून जातात. स्वीडनच्या लिंडर-आरोन्सन यांनी १९७० पासून अशा मुलांचा पाठपुरावा केला. गाठी काढून नाक मोकळं झालेल्या बऱ्याच मुलांत जबड्याची वाढ पुन्हा पुढच्या दिशेला झुकली. प्रत्येक मुलाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. ॲलर्जी असेल तर डॉक्टर आधी काही आठवडे नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात. तो बहुतेक घरांत चुकीचा मारला जातो. डोकं जरा पुढे झुकवून, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न करता त्याच बाजूच्या कानाच्या रोखानं धरायचं, आणि मारल्यावर जोरात ओढून घ्यायचं नाही. पडद्यावर मारला तर रक्त येतं. ओढला तर औषध घशात जातं. परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका.

आपल्याकडे पावसाच्या चार महिन्यांत घराला जी ओल धरते, ती या मुलांची वैरीण आहे. मुलगी झोपते त्या खोलीत कपडे वाळत घालू नका. भिंतीवर काळे ठिपके असतील तर तिचं अंथरूण त्या भिंतीपासून दूर करा. उशीचा अभ्रा आणि चादर दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, आणि ऊन पडेल त्या दिवशी गादी-उशी बाहेर टाका. तिच्या खोलीत धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल नको. आणि मोबाइलवर दिसतं तसं रात्री ओठांना पट्टी चिकटवण्याचा प्रकार चुकूनही करू नका. नाक बंद असलेल्या मुलाचा तोंड हाच एकमेव श्वासमार्ग असतो.

नाक मोकळं झाल्यावरही तोंड उघडं ठेवायची सवय आपोआप जाईलच असं नाही. अभ्यास करताना ५ मिनिटं ओठांत, दातांत नव्हे, आइसक्रीमची काडी किंवा कागदाची घडी धरायला द्या. आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवत १५ वर न्या. त्यासोबत ऑर्थोडॉन्टिस्टची, म्हणजे तारा लावणाऱ्या डॉक्टरांची, वेळ घ्या. दुधाचे आणि पक्के दात मिसळलेले असतात त्या ९ व्या वर्षी त्यांना पुष्कळ करता येतं. टाळू अरुंद असेल तर मधल्या सांध्यावर स्क्रूचं यंत्र बसवून तो रुंदावतात. किल्लीच्या एका फिरकीला साधारण पाव मिलिमीटर, आणि ती किल्ली घरी तुम्हालाच फिरवायची असते. लांब चेहऱ्याच्या मुलांत साधं यंत्र लावलं तर दाढा बाहेर कलून त्यांची टोकं आपटतात आणि पुढची फट वाढते. म्हणून दाढांवर ॲक्रिलिकचं आवरण असलेलं यंत्र लागेल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. मुंबईला जाणं जमत असेल तर शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत रुग्णालय इथे हे सगळं एका छताखाली होतं. जाताना तिचे ४-५ वर्षांपासूनचे, बाजूनं काढलेले फोटो असतील तर न्या. चेहऱ्याची दिशा कशी बदलत गेली ते त्यांत दिसतं.

खाण्याचं बघू. नाक चोंदलेलं मूल चावताना श्वास घेऊ शकत नाही, म्हणून ते मऊ, पटकन गिळता येईल असंच मागतं. मऊभात हा हट्ट नसून सोय असू शकते. नाक सुधारलं की पायऱ्या चढवा. आधी मऊभाताऐवजी मोकळा उकड्या तांदळाचा भात, आंबोळीऐवजी भाकरी. मग काकडी, गाजर, पेरू, ओल्या खोबऱ्याचे काप. मग उकडलेल्या आठळ्या, बरक्याऐवजी काप्या फणसाचे गरे, भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. घास दोन्ही बाजूंनी चावायला शिकवा. एकाच बाजूनं चावत असेल तर दुसरीकडे किडलेली दाढ आहे का पाहा. कडक चणे आणि न फोडलेल्या सुपारीएवढी टणक वस्तू कुठल्याच मुलाला देऊ नये; जबडा घडायच्या आधी दाढेचा टवका उडेल. युरोपात १९८७ च्या एका लहान, प्राथमिक अभ्यासात लांब चेहऱ्याच्या मुलांना वर्षभर रोज २ तास चिवट पदार्थ चघळायला दिला होता. ताकद वाढली, आणि वाढीची दिशाही थोडी सुधारलेली दिसली. पण रोज २ तास वर्षभर हा मामला घरी पेलणारा नाही, आणि बंद नाकावर तो उपाय नाही.

आता मुलगा. १७ व्या वर्षी जबड्याची रुंदी आणि कोन जवळपास ठरून गेलेले असतात. बॉल चावून मॅसेटर जाड होईल, म्हणजे गालाचा खालचा भाग रुंद, भरलेला दिसेल. त्याला हवी ती धारदार हनुवटीची रेषा हाडाच्या ठेवणीनं आणि त्यावरच्या चरबीच्या थरानं दिसते. बॉल दोन्हींना हात लावत नाही. मधल्या काळात सांधा मात्र भरडला जातो. कट् आवाज म्हणजे सांध्यातली कूर्चेची (मऊ हाडाची) चकती जागेवरून सरकून तोंड उघडताना परत बसते. नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड पूर्ण उघडतंय, असं पुष्कळांचं असतं आणि त्याला उपचार लागत नाहीत. याला सकाळची डोकेदुखी जोडलेली आहे, म्हणजे स्नायू दमले आहेत, कदाचित झोपेतही दात आवळले जात आहेत.

बॉल आणि च्युइंगगम आजपासून बंद. तीन आठवडे घास लहान, अन्न मऊ : पेज, भात, माशाची आमटी चालेल, ऊस, सुके बोंबील, तिसऱ्या, चणे नकोत. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरून तोंड अर्धंच उघडू द्यावं. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन्ही गालांवर १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला लावून, ते सुटणार नाही एवढंच तोंड सावकाश उघडायचं आणि मिटायचं. ६ वेळा, दिवसातून ६ दा. अभ्यासाच्या टेबलावर चिठ्ठी लावा : ‘ओठ मिटलेले, दात सुटे’. न बोलता, न खाता असताना वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर अंतर असणं हीच नैसर्गिक स्थिती. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तोंड अडकलं, किंवा त्याचीच दोन बोटं उभी जेमतेम आत जात असतील, तर मुखशल्यचिकित्सकांना दाखवा. त्याला चौकोनी चेहराच हवा असेल तर चार महिन्यांचा फुगलेला मॅसेटर काही महिन्यांत ओसरेल हेही आधीच सांगा, नाहीतर तो ‘मिळवलेलं गेलं’ म्हणून पुन्हा सुरू करेल.

राहिली सुपारी, आणि इथे आम्हाला कडक बोलायचं आहे. रायगडपासून खाली सगळ्या किनाऱ्यावर ती परसात पिकते, पानदानात असते, म्हणून ती घरची वाटते. पण नुसती, तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तसं वर्गीकरण केलं. त्याआधी तिचा दुसरा परिणाम दिसतो : गालाच्या आतलं कातडं पांढरट, दोरीसारखं ताठ होत जातं आणि तोंड उघडणं कमी होतं. हे ताठपण सुपारी सोडल्यावर पूर्ववत होत नाही, फक्त पुढे वाढायचं थांबू शकतं. मुलाच्या हातात जबड्याच्या व्यायामासाठी सुपारी देणं म्हणजे बॉलपेक्षा शंभरपटीनं वाईट सौदा. आजोबांचा जबडा रुंद आहे तो मुळात त्यांच्या ठेवणीचा असेल, वर्षानुवर्षं चघळून मॅसेटरही जाड झाला असेल. पण त्यांना मसालेदार खाताना तोंडात आग होते का, आणि त्यांची स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे याच आठवड्यात तपासा. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर मुलीबरोबर त्यांनाही त्याच फेरीत दंतवैद्यांकडे घेऊन जा.